गुणी संघाचं घोडं नेमकं कुठे अडतं? सामना बघून शोधायची रीत

मोठ्या स्पर्धेत गाजलेला संघ हरला की दोनच निकाल ऐकू येतात. एक, खेळाडूंना देशाचं काही पडलेलं नाही, त्यांना क्लबचा पैसा प्यारा. दोन, प्रशिक्षकाला हाकला. दोन्ही वाक्यं सामना न बघताही म्हणता येतात, आणि म्हणूनच मला त्यांची चीड येते. मी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. विश्वचषक किंवा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आला की वही घेऊन बसते. प्रशिक्षकाची चूक असेल तर ती मैदानावर दिसते, बोट ठेवून दाखवता येते. ती कशी शोधायची, हे इथे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. क्लबचा प्रशिक्षक खेळाडूला जवळजवळ रोज बघतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून मोजक्या वेळा, एकेका वेळी आठ-दहा दिवस मिळतात. त्यातले पहिले दोन दिवस प्रवासाचा शीण आणि दुखापतींची तपासणी यातच जातात. एवढ्या वेळात तो कोणाला नवा डाव शिकवू शकत नाही, कोणाची जुनी सवय मोडू शकत नाही. त्याच्या हातात तीन गोष्टी असतात: कोणाला बोलवायचं, कोणाशेजारी कोणाला उभं करायचं, आणि सामना निसटायला लागला की काय बदलायचं. चूक शोधायची ती याच तीन ठिकाणी. त्यातही मधली गोष्ट, म्हणजे शेजार, सगळ्यात जास्त सामने घालवते असं माझं ठाम मत आहे. नावं सगळे बघतात, शेजार फारसं कोणी बघत नाही.

संघ खरंच कमी पडतोय का, ते आधी ठरवा

इंग्लंडचं उदाहरण घ्या. त्यांचा प्रशिक्षक असताना गॅरेथ साऊथगेटवर जेवढी टीका झाली तेवढी क्वचितच कोणावर झाली असेल. पण त्याच्या आधी काय होतं? 2014 च्या विश्वचषकात रॉय हॉजसनचा संघ पहिल्या दोन सामन्यांतच बाद झाला आणि गटात एका गुणासह तळाला राहिला. 2016 च्या युरोत तोच प्रशिक्षक आइसलंडकडून 2-1 हरला. साऊथगेटने 2018 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली आणि त्यानंतरच्या दोन्ही युरोंत अंतिम सामना. निकाल बघितले तर हा माणूस कमी पडलाच नाही. खेळ बघितला तर पडला, आणि बऱ्याचदा एकाच पद्धतीने पडला. म्हणून वहीत निकालासाठी एक ओळ आणि खेळासाठी वेगळी ओळ ठेवा. दोन्ही एकत्र केल्या की प्रत्येक विजेता शहाणा आणि प्रत्येक पराभूत मूर्ख ठरतो.

पेनल्टी शूटआउट (जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली की पेनल्टी मारून लावलेला निकाल) या हिशेबात धरू नका. तिथे प्रशिक्षकाचा हात असतो, नाही असं नाही. 2021 मध्ये झालेल्या युरोच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपता संपता फक्त पेनल्टीसाठी रॅशफर्ड आणि सांचोला उतरवणं आणि पाचवी पेनल्टी 19 वर्षांच्या साकाला देणं हे निर्णय साऊथगेटचेच होते. पण सामना तिथपर्यंत का गेला, हा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आधीच्या 120 मिनिटांत असतं.

चेंडू कोणाकडे किती वेळ होता, या आकड्यावरही विसंबू नका. 2018 मध्ये स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून जास्त पास दिले, सामना 1-1 राहिला आणि स्पेन शूटआउटमध्ये बाद झाला. ते पास बहुतेक आडवे होते. रशियाची बचावफळी जागची हललीच नाही. चेंडू मिळाल्यावर समोरच्या बचावपटूला मान वळवून धावत परतावं लागलं असे प्रसंग किती आले, तेवढेच मोजा. स्वतः मोजायला हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात बोलका आकडा आहे.

यादी जाहीर होते त्या दिवशी

मी पहिलं काम सामन्याआधी करते. संघाची यादी आली की वहीत चार रकाने आखते: खेळाडू, क्लबमध्ये कुठे खेळतो, कोणत्या पायाचा, आणि क्लबमध्ये त्याच्या शेजारी कोण असतो. चौथा रकाना भरायला वेळ लागतो, पण तो सोडू नका.

हे करताना यादीतली भोकं आपोआप दिसतात. 2006 च्या विश्वचषकात प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सनने इंग्लंडसाठी चारच स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारे आघाडीचे खेळाडू, नेले. त्यात रूनीचं पायाचं हाड मोडलेलं होतं, ओवेन मोठ्या दुखापतीतून नुकताच परतला होता, आणि चौथा होता 17 वर्षांचा थिओ वॉलकॉट, जो प्रीमियर लीगचा एकही सामना खेळला नव्हता. स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला ओवेनचा गुडघा गेला. पोर्तुगालविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात रूनीला लाल कार्ड मिळालं. वॉलकॉट संपूर्ण स्पर्धेत एक मिनिटही खेळला नाही. हे दुर्दैव नाही. यादी वाचतानाच हे दिसत होतं.

दुसरं उदाहरण 2010 च्या अर्जेंटिनाचं. इंटर मिलानने त्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली होती. त्या संघातले हाविएर झानेटी आणि एस्तेबान कांबियासो या दोघांना तेव्हाचा प्रशिक्षक दिएगो माराडोनाने विश्वचषकाला नेलंच नाही. मग राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, म्हणून कोण खेळला? आधी जोनास गुटिएरेझ, जो मुळात विंगर, म्हणजे कडेने पुढे चढाई करणारा. नंतर निकोलास ओटामेंडी, जो मुळात मधला बचावपटू. जर्मनीने उपांत्यपूर्व सामन्यात 4-0 ने धुव्वा उडवला. पुढे मेस्सी, तेवेझ, इग्वाइन, दि मारिया अशी आघाडी होती. त्या चौघांच्या नावांवर लोक इतके भुलले होते की उजव्या कोपऱ्यात कोण उभं आहे हे कोणी विचारलंच नाही. माराडोनाच्या खेळावर माझं प्रेम आहे आणि राहील, पण त्या यादीचं समर्थन मला करता येत नाही.

शेजार बघायचा कसा

आता मुख्य भाग. यासाठी सामना दोनदा बघायला लागतो. पहिल्यांदा सगळ्यांसारखाच बघा, ओरडा, रडा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा. समालोचक नेहमी चेंडूच्या मागे असतो आणि तुमचे डोळेही तिकडेच ओढतो. मग दोन शेजारी निवडा, उदाहरणार्थ लेफ्ट बॅक आणि त्याच्या पुढचा विंगर, आणि पाच मिनिटं फक्त त्या दोघांकडे बघा. चेंडू कुठेही असो. टीव्हीच्या चौकटीतून ते बाहेर गेले तर परत आत येताना कुठून आले ते बघा. पाच मिनिटं झाली की पुढची जोडी.

प्रत्येक जोडीला मी तीन प्रश्न विचारते. एक पुढे गेला तर दुसरा मागे राहतो का? दोघांनाही चेंडू एकाच जागी हवा असतो का? आणि एकाने केलेल्या धावेचा फायदा दुसऱ्याला मिळतो का? उत्तरं शब्दांत लिहू नका, नुसत्या खुणा करा. मध्यंतरापर्यंत पानावर एखादी जागा काळी झालेली दिसेल. घोडं तिथेच अडलेलं असतं.

2024 च्या युरोत इंग्लंडची डावी बाजू अशीच काळी झाली होती. ल्यूक शॉ दुखापतीतून सावरत होता आणि उपांत्यपूर्व सामन्यापर्यंत उतरूच शकला नाही. संघात दुसरा डावखुरा लेफ्ट बॅक नव्हता. म्हणून उजव्या पायाचा ट्रिपियर तिथे. त्याच्यापुढे फिल फोडेन, जो डावखुरा असला तरी मध्ये सरकून खेळणारा. आता या दोघांना पाच मिनिटं बघा. ट्रिपियर चेंडू घेतो, डाव्या पायाने क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) देण्यावर त्याचा भरवसा नाही, म्हणून थांबतो, उजव्या पायावर घेतो, आत वळतो. तोवर समोरच्या संघाचे खेळाडू जागेवर आलेले असतात. फोडेन आधीच आत गेलेला. आत बेलिंगहॅम आहे, त्यालाही तीच जागा हवी. हॅरी केन चेंडू घ्यायला मागे येतो, तोही तिथेच. म्हणजे वीस पावलांच्या चौकोनात जगातले तीन उत्तम खेळाडू, आणि डावी कड मोकळी पडलेली. केन मागे आल्यावर त्याच्या जागी बचावफळीच्या मागे धावणारा कोणीतरी हवा, तो नाही. प्रत्येक जण आपापल्या क्लबमध्ये बरोबर तेच करतो जे इथे करत होता. फरक एवढाच, की क्लबमध्ये त्याच्या शेजारी त्याची मोकळी जागा भरणारा माणूस असतो. चौथा रकाना भरायचा तो यासाठी.

मधल्या फळीतही तेच. डेक्लन राइसच्या शेजारी कोण, याचं उत्तर साऊथगेटकडे स्पर्धा सुरू होईपर्यंत नव्हतं. पहिल्या दोन सामन्यांत त्याने ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड या राइट बॅकला तिथे खेळवलं, आणि हा प्रयोग आहे असं स्वतःच सांगितलं. तिसऱ्या सामन्यात कॉनर गॅलाघर आला आणि मध्यंतराला तोही गेला. प्रयोग करायला आधीचं वर्ष होतं. स्पर्धेतले सामने त्यासाठी नसतात.

आता याच्या उलट उदाहरण, कारण चांगला शेजार कसा दिसतो ते बघितल्याशिवाय वाईट शेजार ओळखता येत नाही. 2018 मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला सामना खेळला तेव्हा प्रशिक्षक दिदिए देशाँने पुढे ग्रीझमन, एमबापे आणि डेम्बेले असे तीन वेगवान, हुन्नरी खेळाडू लावले. कागदावर यापेक्षा देखणी आघाडी सापडणार नाही. फ्रान्स 2-1 जिंकला खरा, पण एक गोल पेनल्टीवर आणि दुसरा ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूला लागून गेलेला. पुढच्या सामन्यात पेरूविरुद्ध देशाँने डेम्बेलेला बसवलं. समोर ऑलिव्हिए जिरूला आणलं आणि डाव्या बाजूला ब्लेझ मातुइदीला, जो विंगर नाहीच, मधल्या फळीत राबणारा खेळाडू आहे.

मातुइदीकडे पाच मिनिटं बघा आणि मग सांगा प्रशिक्षक काय करतो ते. चेंडू उजवीकडे एमबापेकडे गेला की मातुइदी पुढे धावत नाही, आत येतो आणि कांते व पोग्बाच्या ओळीत उभा राहतो. त्यामुळे चेंडू गेला तरी मध्ये तीन माणसं असतात. एमबापेला मागे पळावं लागत नाही. पोग्बाला मान वर करून लांब पास द्यायला वेळ मिळतो. आणि जिरू समोरच्या दोन मधल्या बचावपटूंना अंगावर घेऊन उभा असतो, म्हणून ग्रीझमनला त्यांच्यापुढची जागा मिळते. जिरूचा सबंध स्पर्धेत एकही फटका गोलच्या चौकटीत गेला नाही, आणि तो विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यातही हीच मांडणी होती. देशाँने संघातलं एक झळाळतं नाव कमी केलं आणि बाकीच्या चार नावांना त्यांचा खेळ मिळवून दिला. मी माझ्या मुलींना हा पेरूविरुद्धचा सामना मुद्दाम दाखवते, कारण पुढे खेळायला सगळ्यांनाच हवं असतं.

एरिक्सनच्या इंग्लंडबद्दल थोडक्यात. जेरार्ड आणि लँपार्ड दोघंही मागून धावत येऊन गोल करणारे. दोघांना शेजारी उभं केलं की एकाला मागे राहावं लागणार, आणि कोणी राहायचं हे कधी नीट ठरलंच नाही. दोघांना जागा करून देण्यासाठी 2004 च्या युरोत पॉल स्कोल्सला डाव्या कडेला ढकललं. त्या संघातला पासचा सगळ्यात पक्का माणूस कडेला! स्पर्धेनंतर तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्तच झाला.

गोल केल्यानंतर संघ कुठे उभा राहतो

ही तपासणी सोपी आहे आणि नव्या माणसालाही पहिल्याच दिवशी जमते. संघाने आघाडी घेतली की घड्याळाकडे बघा आणि दर पाच मिनिटांनी एक आडवी रेघ मारा: संघाची बचावफळी मैदानात कुठे उभी आहे. आपल्या पेनल्टी क्षेत्राजवळ की मध्यरेषेकडे. सामना संपल्यावर त्या रेघा खाली खाली सरकत गेलेल्या दिसल्या तर समजा, संघ भ्यायला आहे किंवा त्याला तसंच सांगितलेलं आहे.

साऊथगेटच्या इंग्लंडची दोन पानं शेजारी ठेवा. 2018 ची उपांत्य फेरी, क्रोएशियाविरुद्ध: ट्रिपियरचा फ्री किकवर पाचव्या मिनिटाला गोल. मध्यंतरापर्यंत ठीक. दुसऱ्या सत्रात मॉड्रिचला मधली फळी मोकळी मिळाली, इंग्लंड मागे मागे गेलं, 68 व्या मिनिटाला पेरिसिचने बरोबरी केली, आणि जादा वेळेत मांजुकिचने सामना घेतला. आता 2021 चा अंतिम सामना, इटलीविरुद्ध: शॉचा दुसऱ्याच मिनिटाला गोल. मग पुन्हा तेच. मधल्या फळीत जॉर्जिन्यो आणि व्हेराटी चेंडू फिरवत राहिले, इंग्लंड खाली सरकलं, 67 व्या मिनिटाला बोनुचीने बरोबरी केली. तीन वर्षांचं अंतर, बदललेले खेळाडू, आणि बरोबरीच्या गोलात जेमतेम एका मिनिटाचा फरक. 2024 मध्ये डेन्मार्कविरुद्ध केनने 18 व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली आणि 34 व्या मिनिटाला ह्युलमांडने लांबून मारलेल्या फटक्याने ती गेली. त्या दोन गोलांच्या मधलं इंग्लंड बघा, परत तीच खाली सरकणारी रेघ.

एकदा झालं तर समोरच्या संघाचं श्रेय. दोनदा झालं तर वहीत खूण. तिसऱ्यांदा, वेगळे खेळाडू घेऊन तेच झालं, तर ती सवय प्रशिक्षकाची. कारण या तिन्ही सामन्यांत बाकी बरंच बदललं, तो बदलला नाही. साऊथगेटने त्या संघात एकोपा आणला, 2018 मध्ये कोलंबियाविरुद्ध पेनल्टीची भीती घालवली, हे मी मनापासून मानते. म्हणूनच ही खाली सरकणारी रेघ बघताना जीव तुटायचा.

बदली खेळाडू: कोण आला ते नंतर, प्रश्न कोणता होता ते आधी

बदली खेळाडू आला की आपण त्याचं नाव लिहितो. त्याऐवजी त्या क्षणी संघापुढे अडचण कोणती होती ते लिहा, आणि मग हा माणूस त्या अडचणीवर इलाज आहे का ते बघा. यासाठी बेल्जियमसारखा धडा दुसरा नाही, कारण तिथे जवळजवळ तोच संघ दोन प्रशिक्षकांच्या हाताखाली दोन वर्षांच्या अंतराने बघायला मिळतो.

1 जुलै 2016, युरोचा उपांत्यपूर्व सामना, वेल्सविरुद्ध. प्रशिक्षक मार्क विल्मोट्स. बचावफळीत व्हर्टोंगेन जायबंदी, व्हर्मालेन निलंबित. त्यांच्या जागी देनायेर आणि जॉर्डन लुकाकू, दोघंही 21 वर्षांचे. नाइंगोलानने 13 व्या मिनिटाला लांबून जबरदस्त गोल केला. मग वेल्सचे रॅम्से आणि बेल बेल्जियमच्या मधल्या फळीमागे मोकळ्या जागेत चेंडू घेऊ लागले. कॉर्नरवर ॲशली विल्यम्सने हेडरने बरोबरी केली. मध्यंतराला विल्मोट्सपुढची अडचण अशी होती: विटसेल आणि नाइंगोलान या दोघांच्या मागची जागा उघडी आहे, आणि पोरसवदा बचावफळी गोंधळलेली आहे. त्याने काय केलं? करास्को या विंगरला काढून उंचापुरा फेलाइनी आणला. म्हणजे पुढे उंच चेंडू मारायची सोय. अडचण मागे, इलाज पुढे.

55 व्या मिनिटाला रॅम्सेने उजवीकडून चेंडू आत दिला. हाल रॉबसन-कानूची पाठ गोलकडे होती. त्याने चेंडू पायाच्या मागून ओढून असा वळवला की अंगावर आलेले बेल्जियमचे खेळाडू भलतीकडेच गेले, आणि शांतपणे गोल केला. या खेळाडूचा रेडिंगबरोबरचा करार संपलेला होता आणि त्या दिवशी त्याच्याकडे क्लबही नव्हता. समोर हॅझार्ड, डी ब्रुयने, रोमेलू लुकाकू, कुर्त्वा. वेल्स 3-1 ने जिंकलं आणि विल्मोट्सची नोकरी गेली.

आता 2018, जपानविरुद्ध, रोस्तोव्हमध्ये. प्रशिक्षक रॉबर्टो मार्टिनेझ. 52 व्या मिनिटापर्यंत बेल्जियम 0-2 ने मागे. अडचण: जपानची बचावफळी बुटकी पण चपळ, आणि मर्टेन्स-करास्कोची चपळाई तिथे चालत नाही. 65 व्या मिनिटाला मार्टिनेझने दोघांनाही काढलं आणि फेलाइनी व शादलीला आणलं. तोच फेलाइनी! पण इथे प्रश्नाचं उत्तर उंची हेच होतं. आधी व्हर्टोंगेनचा हेडर, मग 74 व्या मिनिटाला फेलाइनीचा हेडर, 2-2. शेवटच्या क्षणी जपानच्या कॉर्नरचा चेंडू कुर्त्वाने झेलला आणि लगेच डी ब्रुयनेकडे सरपटत टाकला. डी ब्रुयने धावत मधल्या वर्तुळापुढे गेला, उजवीकडे म्युनिएला दिला, म्युनिएने आत ढकलला. तिथे लुकाकू चेंडू मारणार असं सगळ्यांना वाटलं, त्याने तो मुद्दाम सोडला, आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. पुढच्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध मार्टिनेझने लुकाकूला उजव्या कडेला आणि डी ब्रुयनेला मध्ये पुढे ठेवलं. ब्राझीलचा लेफ्ट बॅक मार्सेलो वर जातो, त्याच्या मागची जागा लुकाकूची. बेल्जियम 2-1 ने जिंकलं.

गुणी संघ प्रशिक्षकामुळे मागे पडतो का, या प्रश्नाला मी हेच दोन सामने दाखवते. त्याच पिढीचा संघ, तोच बदली खेळाडू. एका हातात तो इलाज ठरला, दुसऱ्या हातात भलताच उपाय.

खेळाडू काय बोलतात

यावर फार वेळ घालवू नका, पण कान उघडे ठेवा. 2010 च्या विश्वचषकात फ्रान्सच्या खेळाडूंनी दक्षिण आफ्रिकेतल्या नायस्नामध्ये सराव करायला नकार दिला, बसमध्ये बसून राहिले, आणि त्यांचं निवेदन प्रशिक्षक रेमों दोमेनेकलाच पत्रकारांपुढे वाचायला लागलं. तिथे शेजार-बिजार तपासायची गरजच उरत नाही. एरवी मात्र वर्तमानपत्रातल्या भांडणांपेक्षा मैदानावरचा एक प्रसंग बघा: पास चुकला की ज्याला तो मिळणार होता तो हात वर करून तक्रार करतो की मागे धावतो. हात जास्त दिसायला लागले तर संघ आतून फुटला आहे.

प्रशिक्षकाला सोडून द्यायची वेळ

2018 च्या स्पेनचा प्रशिक्षक लोपेतेगी स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काढला गेला, कारण स्पर्धेनंतर तो रेआल माद्रिद या क्लबला जाणार हे जाहीर झालं होतं. फर्नांडो हिएरोच्या हाती संघ आला तेव्हा पहिला सामना दोन दिवसांवर होता. त्या हजार आडव्या पासांचं खापर मी हिएरोवर फोडणार नाही. ते महासंघाचं.

वय हे दुसरं कारण. 2022 मध्ये मार्टिनेझच्याच बेल्जियमने कॅनडाला कसंबसं 1-0 ने हरवलं, मोरोक्कोकडून 0-2 ने हार खाल्ली, क्रोएशियाशी 0-0 बरोबरी केली आणि साखळीतच गारद झालं. व्हर्टोंगेन 35 वर्षांचा, आल्डरवायरेल्ड आणि विटसेल 33 चे. आपला संघ म्हातारा झालाय असं डी ब्रुयने स्वतः म्हणाला होता. पाय जड होणं प्रशिक्षकाच्या हातात नसतं. पण चार वर्षांत त्या जागांवर दुसरं कोणी तयार न करणं, हे त्याच्या यादीत येतं. इथे मी मार्टिनेझला अर्धंच सोडते.

त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाकडे बघा. सलग 36 सामने न हरलेला संघ सौदी अरेबियाकडून 2-1 ने हरला. प्रशिक्षक लिओनेल स्कालोनीला जमलेला संघ मोडायची भीती वाटली असती तर कोणी दोष दिला नसता. त्याने तिसऱ्या सामन्यापर्यंत पापू गोमेझ, पारेदेस आणि लाउतारो मार्टिनेझला बसवून मॅक ॲलिस्टर, एन्झो फर्नांडिस आणि हुलियान अल्वारेझला सुरुवातीच्या अकरात आणलं. मेस्सीचा शेजार बदलला. 35 वर्षांच्या मेस्सीच्या वाटचं धावणारी तरुण माणसं त्याच्याभोवती आली, आणि संघ विश्वविजेता झाला. मेस्सी, ओटामेंडी, दि मारिया, टाग्लियाफिको हे 2018 मध्येही संघात होते, जेव्हा प्रशिक्षक सांपाओलीच्या हाताखालच्या याच अर्जेंटिनाची क्रोएशियाने 3-0 ने लाज काढली होती.

निकाल कसा लिहायचा

शेवटी वहीत एकच वाक्य लिहायचं, आणि त्यात चार गोष्टी हव्यातच: मिनिट, मैदानातली जागा, कोणते दोन शेजारी, आणि प्रशिक्षकाने तिथे काय केलं किंवा केलं नाही. यातली एकही गोष्ट लिहिता आली नाही, तर प्रशिक्षकाला दोष देऊ नका. सामना परत बघा किंवा पुढच्या सामन्याची वाट बघा. ‘डावपेच चुकले’, ‘जिद्द नव्हती’ असली वाक्यं खोडून टाका.

नमुन्यादाखल, वेल्सविरुद्धच्या बेल्जियमचं माझं वाक्य असं आहे: तेराव्या मिनिटानंतर विटसेल आणि नाइंगोलान यांच्या मागे, देनायेरच्या पुढे, रॅम्सेला सतत मोकळी जागा मिळाली, मध्यंतराला विल्मोट्सने ती जागा बुजवायला कोणालाच आणलं नाही, पुढे उंच माणूस आणला, आणि दहा मिनिटांत गोल बसला.